दाब, धर, सोड

दादा, तुझ्या ट्रकला गिऱ्हाईक आले होते. तुझे दिवस उरकले आणि दुसऱ्याच सकाळी भंगार घेणारा कबाडी फाटकाशी येऊन उभा राहिला. शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या नव्या मालकाने त्याला पाठवले होते. पाया खणायचा आहे, भिंत घालायची आहे, तेव्हा होळीच्या आत ट्रक हलवा. नाही जमले तर हा माणूस तो गॅसकटरने जागच्या जागी कापून तुकडे घेऊन जाईल, असा निरोप होता. मी नेहमीप्रमाणे दाराआड उभी राहून ऐकले आणि नेहमीप्रमाणे म्हटले, "सोचकर बताते हैं." खरे सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले. कापलेला ट्रक कुणाच्या अंगावर जात नाही.

केंद्र सरकारच्या मंत्रालयातल्या एका खोलीत बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्ये एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेली आणि मुद्रितांतल्या चुका शोधल्या. स्वतःचे वाक्य लिहायला या वयात प्रथमच बसते आहे. तेही ज्याच्याकडून दुरुस्ती होऊन येणार नाही अशा माणसाला. चुका राहतील. तू त्या काढल्या नसत्यासच. तुझी रीत वेगळी होती. ती मला फार उशिरा कळली आणि तेच सांगायचे आहे.

आपण सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर सोडून नोएडाच्या या सेक्टरात आलो, तेव्हा इथे घरांपेक्षा किकरची, म्हणजे बाभळीची, झाडे जास्त होती. तू बांधकाम खात्यातून निवृत्त झाला होतास, मीही मुदतीआधी नोकरी सोडली होती, आणि वहिनी गेल्यापासून घरात तू, मी आणि तुझी मीनल एवढेच उरलो होतो. गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या. समोरच्यांनी नवी मोटार घेतली, बाजूच्यांनी घेतली. मीनलला परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि ती म्हणाली, "बाबा, अब तो गाडी लेनी चाहिए यार, मी निम्मे पैसे देते." तू मान डोलावलीस आणि गाडी घेतलीस. शेजारच्या प्लॉटवर गंजत पडलेला, पुढे लांब नाक असलेला, चाके जमिनीत रुतलेला आणि बॉनेटमधून किकर वर आलेला मालवाहू ट्रक.

"बाबा, लोक काय म्हणतील?" मीनलने विचारले होते.

"म्हणतील, ट्रक घेतला."

"पण कशासाठी?"

"आपल्या घराच्या विटा यानेच आणल्या. आख्ख्या सेक्टराच्या आणल्या. ठेकेदार टाकून गेला." एवढे बोलून तू चहा प्यायला लागलास. घरात तुझे बोलणे तेवढेच असे. "चालू झाल्यावर नेणार कुठे?" हे मी तुला कितीदा विचारले. एकदा म्हणालास, "मेरठपर्यंत." एकदा म्हणालास, "कुठेच नाही." एकदा नुसता हसलास. हा प्रश्न आपल्यात तसाच राहिला.

मला तो ट्रक पहिल्या दिवसापासून भीतिदायक वाटे. माझी भीती काही नवी नव्हती. लिफ्ट, गॅसची शेगडी, टेलिफोनची घंटा, अनोळखी माणसाने विचारलेला पत्ता, कशाचीही मला धास्ती वाटते, हे तुला माहीत होते. पण ट्रकची भीती निराळी होती, कारण तिला वजन होते. करतारजी, तुझा मिस्त्री, आला आणि त्याने टायरमध्ये हवा भरायला घेतली, तेव्हा चाकावरच्या लोखंडी रिंगेतून त्याने आडवी पहार घातली. मी विचारले, ही कशासाठी? तो मजेत म्हणाला, "बहनजी, यह रिंग उड़ जाए ना, तो बंदा सीधा ऊपर. टिकट भी नहीं लगता." तुम्ही दोघे हसलात. मी घरात जाऊन देवापाशी बसले. करतारजीच्या बढायाही तशाच. त्याने म्हणे अशीच गाडी डोळे मिटून रोहतांग खिंडीच्या पलीकडे नेली होती. त्याने बसवलेला पाण्याचा पंप आठवड्यात गळायला लागला, तेव्हा "पंप ही बेईमान निकला" म्हणून तो मोकळा झाला.

इंजिन सुरू झाले, गिअर पडायला लागले, तोवर माझा संबंध चहा पोचवण्यापुरता होता. मग ब्रेकचे काम आले. आणि नेमका करतारजी भाचीच्या लग्नाला पंजाबात गेला. तू स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालास, "जरा चल. पाय हवाय तुझा."

ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांना ते सांगावे लागेल. ब्रेकच्या नळ्यांत तेल असते. त्यात हवा शिरली, तर पेडल दाबले तरी ते नुसते खाली जाते आणि चाक थांबत नाही. ही हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचे. दुसऱ्याने ट्रकखाली निजून चाकाजवळचा बारीक स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेल आणि हवा रबरी नळीतून तेलाच्या बाटलीत उतरते. बुडबुडे येतात. स्क्रू पुन्हा आवळला, की मग पेडल सोडायचे. वरच्याने आधी सोडले, तर हवा उलट आत शिरते आणि सगळे मुसळ केरात. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही. मध्ये असतात ते तीन शब्द: दाब, धर, सोड.

मी साडी सावरत त्या उंच केबिनमध्ये चढले आणि स्टिअरिंगला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. तू पुठ्ठा अंथरून खाली सरकलास. चाकांना तू दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांची उटी लावली होतीस, तरी मला वाटे, माझ्या पायाने काहीतरी होईल, ट्रक हलेल आणि तू खाली असशील. "दाब," तू म्हणायचास. मी दाबायची. "धर." मग खाली स्क्रू सैल होई आणि पेडल माझ्या पायाखालून हळूहळू बुडू लागे. ते बुडणे मला अजून स्वप्नात येते. पाय जमिनीला लागेपर्यंत मी श्वास रोखून असे. आणि मग "सोड" येईपर्यंतची ती शांतता.

पण तू ती शांतता राहू दिली नाहीस. घरात दिवसभर ओठ न हलवणारा माझा भाऊ ट्रकखाली गेला, की पोपटासारखा बोलू लागे.

"सरोजिनी नगरच्या आपल्या जिन्यात पहिल्या मजल्यावर कोण राहायचं गं? दाब."

"कुलकर्णी."

"धर. आणि दुसऱ्या मजल्यावर बॅनर्जी."

"बॅनर्जी नाही रे, मुखर्जी."

"मुखर्जी समोरच्या जिन्यात. सोड."

"समोरच्या जिन्यात सक्सेना. दुसऱ्या मजल्यावर मुखर्जीच. त्यांच्याकडे हार्मोनियम होतं."

"हार्मोनियम बॅनर्जींकडे. दाब."

"दादा, तू काहीही बोलतोस."

"धर. आणि त्यांच्या मांजराचं नाव राणी."

"मांजर सक्सेनांचं. आणि तो बोका होता."

थंडीच्या साऱ्या दुपारी अशा गेल्या. मागचे चाक, पुढचे चाक, पुन्हा मागचे. तू प्रत्येक गोष्ट चुकीची सांगायचास. मास्तरांची नावे, गल्लीचे नंबर, कुणाचे लग्न कुणाशी झाले. मला वाटे, तुला विसर पडू लागला आहे, आणि त्याचीही एक नवी भीती मी मनात सांभाळू लागले. मीनललाही म्हटले, "बाबांना एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" ती म्हणाली, "अगं आत्या, बाबा बिल्कुल ठीक आहेत. तू टेन्शन मत ले."

आपला शेवटचा वाद ब्रेकवरून झाला. तू खालून बाहेर आलास, हात पुसलेस आणि म्हणालास, "झालं. एकही बुडबुडा नाही. रविवारी रस्त्यावर काढू." मी पेडल पुन्हा दाबून पाहिले आणि म्हटले, "मऊ लागतंय."

"तुझ्या मनात मऊ लागतंय."

"पायाला लागतंय. सुरुवातीला थोडं. मग घट्ट."

"करतारनं पाहिलं, मी पाहिलं."

"पाय माझा होता."

ट्रक ज्या प्लॉटवर होता तो खोलगट. सेक्टराचा रस्ता भराव घालून उंच केलेला. बाहेर पडायचे तर चढण मागे मागे चढावी लागणार होती, आणि खाली आपल्या घराची कुंपणभिंत. त्याच गल्लीत पोरे क्रिकेट खेळतात. हे सगळे मी तुला सांगितले, आवाज न चढवता, कारण तो मला चढवता येत नाही. तू म्हणालास, "बरं. शनिवारी पुन्हा एकदा काढू हवा. तुझ्या समाधानासाठी." ते "तुझ्या समाधानासाठी" मला लागले. मी रात्री जेवताना तुझ्याशी बोलले नाही. तू तसाही बोलत नव्हतास, त्यामुळे माझे रुसणे तुला कळले की नाही, हे मला आता कधी कळणार नाही.

शनिवार आला नाही. आदल्या दिवशी सकाळी तू अंगणात उन्हात खुर्ची टाकून मटार सोलत बसलास. मी आत कणीक मळत होते. मटार पातेल्यात पडल्याचा आवाज येत होता, मग यायचा थांबला. मी कणीक मळत राहिले. ट्रकखाली तू एवढा वेळ गप्प राहिला असतास, तर मी ओरडत धावले असते. पण घरात तुझे गप्प असणे ही रोजची गोष्ट होती. मी बाहेर आले तेव्हा एक शेंग तुझ्या हातात अर्धी उघडलेली होती. डॉक्टर म्हणाले, क्षणात झाले, कुणालाही काही करता आले नसते. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे. ठेवावा लागतो.

सगळी थंडी मी त्या लोखंडावर नजर ठेवून होते. पहार, रिंग, जॅक, उतार, ब्रेक. माझ्याजवळ होती नव्हती तेवढी भीती मी तिथे पहाऱ्यावर बसवली होती. आणि अंगणात, उन्हात, जिथे भिण्यासारखे काहीच नव्हते, तिथे कुणीच पहाऱ्यावर नव्हते.

म्हणून म्हणते, कबाडी आला तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. करतारजी मात्र आला तो रडत आणि भांडत आला. तुझ्या जाण्याने तो पुरता खचला होता. "बहनजी, कटवाना नहीं. मैं ले जाऊँगा गाज़ियाबाद, अपने अड्डे पर. ईंटें ढोएगा. साहब ने जान डाली है इसमें." मीनल म्हणाली, "आत्या, तू ठरव. मला काही समजत नाही यातलं." आणि दोघेही माझ्याकडे पाहू लागले. माझ्या आयुष्यात इतक्या माणसांनी एकदम माझ्याकडे कधी पाहिले नव्हते.

मी म्हटले, "पेडल मऊ आहे."

करतारजीने चढून दाबून पाहिले. "बिल्कुल पक्का है जी."

"हवा काढल्याशिवाय ट्रक हलणार नाही." हे मी मराठीत म्हटले. त्याला ते कसे कळले कोण जाणे, पण तो खाली उतरला आणि पुठ्ठा शोधू लागला. त्याच्या गुडघ्यांनी त्या थंडीत संप पुकारला होता. अर्धा वाकला आणि तसाच अडकला. त्याला सरळ करता करता मला दिसले, की आता खाली जायला एकच माणूस उरले आहे.

दादा, तिथे किती अंधार असतो हे तू मला सांगितले नव्हतेस. आणि किती जवळ असते सगळे. मी तुझे जुने स्वेटर घालून, पदर खोचून सरकत आत गेले आणि ते लोखंड माझ्या नाकासमोर आले, तेव्हा मला वाटले की मी आता मेलेच. तेल, माती, उंदरांचा वास. करतारजी बाहेर बसून उटीवर हात ठेवून होता आणि वर पेडलवर मीनल होती. स्क्रू कुठे, नळी कशी लावायची, हे करतारजी बाहेरून सांगत होता.

"दाब," मी म्हटले.

वर पेडल करकरले. आणि मग मी जे ऐकले ते तू रोज ऐकत असणार. वरचा पाय थरथरत होता. दांडीतून, नळीतून ते थरथरणे थेट खालपर्यंत येत होते. म्हणजे तुला सगळे कळत होते. माझे भिणे मी कितीही लपवले, तरी तुझ्या डोक्यावर वाजत होते.

"आत्या," मीनलचा आवाज बारीक झाला होता. "आत्या, तू गप्प नको राहूस. बोल ना काहीतरी. प्लीज."

काय बोलावे मला सुचेना. मी बोलणारी नव्हे. आणि पाय तर थरथरत होता. तो सुटला असता तर हवा आत गेली असती. मग माझ्या तोंडून निघून गेले, "तुझं शाळेचं पहिलं दप्तर निळं होतं ना गं?"

"निळं?"

"निळं. त्यावर बदक होतं. धर."

"आत्या, काय बोलतेस? लाल होतं. और बत्तख नहीं, ससा होता. तूच तर आणलं होतंस करोल बागहून."

"करोल बागहून तुझी आई आणायची."

"आई नाही, तू. मला पक्कं आठवतंय. आई तर म्हणाली होती महाग आहे. तू पण ना, आत्या."

आणि पाय थांबला. थरथर गेली. पेडल एकसारखे, सावकाश खाली आले, तेल बाटलीत उतरले, मी स्क्रू आवळला आणि म्हटले, "सोड."

दप्तर लाल होते, दादा. त्यावर ससाच होता. मी ते करोल बागेत तासभर घासाघीस करून घेतले होते. मी कशी विसरेन?

आणि तू मुखर्जींना कसा विसरशील? रोज संध्याकाळी तू त्यांच्याकडे कॅरम खेळायला जायचास. त्यांचा थोरला मुलगा शेवटपर्यंत तुझा मित्र. त्यांच्या हार्मोनियमचा भाता तूच एकदा चिकटवून दिला होतास. तुला सगळे आठवत होते. तुला हेही माहीत होते, की तुझ्या बहिणीला धीर देऊन धीर येत नाही. मात्र समोर चूक दिसली, की ती भीती बाजूला ठेवून दुरुस्तीला धावते. मी मुद्रिते तपासली त्या सगळ्या वर्षांत तू काही बोलला नाहीस, फक्त पाहत होतास. पुठ्ठ्यावर पाठ टेकवून, तोंडावर माती पडत असताना, तू माझ्यासाठी एकेक चूक रचत होतास.

मी खाली पडल्या पडल्या रडले. करतारजी बाहेरून विचारत होता, "बहनजी, तेल आँख में गया क्या?" मी म्हटले, "हाँ."

आपल्या वादाचा निकालही ऐक. मागच्या डाव्या चाकाच्या वेळी बाटलीत एक बुडबुडा वर आला. एकच, मोहरीएवढा. तो तिथे आधीपासून होता आणि माझा पाय बरोबर होता, की माझ्या अडाणी हाताने स्क्रू आवळायला उशीर केला म्हणून तो आत्ताच शिरला होता, हे सांगता येत नाही. तू जिंकलास की मी, ठाऊक नाही. नंतर पेडल दाबले तर मला तरीही किंचित मऊच लागले.

रविवारी सकाळी पोरांना गल्लीतून घरी पाठवले. करतारजीने चाकाखाली लिंबे ठेवली, मी नारळ फोडला, मीनलने दोन्हींचे फोटो काढले. उटी मी हातात घेतली. ती धरायला दुसरे कुणी नव्हतेच, करतारजी स्टिअरिंगवर होता आणि मीनल वर रस्त्यावर. ट्रक मागे मागे चढणीला लागला आणि मी त्याच्या पुढच्या चाकाच्या बाजूने, ठोकळा छातीशी धरून, चालू लागले. अर्ध्या चढणीवर इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडले.

मी ओरडले, "धर." सेक्टराने माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला असेल. करतारजीला मराठी येत नाही, पण हा शब्द त्याला ऐकून पाठ झाला होता.

मी वाकून चाकाखाली उतरणीच्या बाजूला उटी सारली आणि डोळे मिटून घेतले. मग उघडले. चाक आणि लाकूड यांच्यामध्ये फट होती. फटीतून पलीकडचे ऊन दिसत होते. चाक लाकडापर्यंत आलेच नव्हते, ब्रेकनेच ते धरले होते. मी ती फट पाहत तशीच बसून राहिले. इंजिन पुन्हा लागले, ट्रक वर गेला, रस्त्यावर चढला, मीनल टाळ्या वाजवत होती, आणि मी अजून त्या जागेकडे पाहत होते.

ट्रक आता गाझियाबादला आहे. विटा वाहतो. म्हणजे "नेणार कुठे" या प्रश्नाचे उत्तर मिळाले, पण ते तुझे नव्हे. उटी माझ्याकडे राहिली. भीतीही राहिली आहे. ती गेली असे लिहिले तर ती या लेखातली मोठी चूक ठरेल. ट्रक उताराला लागला असेल का, करतारजीच्या नातवाने तो हाती घेतला असेल का, या विचाराने मी अजून दचकते. घर फार शांत असते. मीनल कामावर गेली, की मटार सोलताना मी मध्येच हात थांबवते आणि कान देते.

दुसऱ्या मजल्यावर कोण राहायचे, दादा? मी ऐकते आहे. एकदा चुकीचे सांग.